मधलं नाव

महाद्वार रोडच्या बोळात भांड्यांवर नावं घालते मी,
सव्वीस वर्षं झाली.
अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा फुकट.
मशीन किर्र करतं, स्टीलचा चुरा नखात बसतो
आणि लोकांच्या पातेल्यांना
लोकांचे आजे-पणजे चिकटत जातात.

त्या दिवशी घरचीच वाटी घेतली हातात.
चांदीची. वहिनीनं गुजरीत पैंजण मोडून घेतलेली.
एकच मोडलं म्हणाली, दुसरं आहे की.

मी आत्या. नाव ठेवायचा मान माझा.
पण पोरगं आठ महिन्यांचं होऊन आलंय आमच्यात,
एक फाईल आणि दोन झबली घेऊन.
भटजींनी विचारलं, जन्मवेळ?
शहाजी म्हणाला, घरात आणला तेव्हा
पावणेपाच वाजले होते.
भटजींनी पंचांग मिटलं, चष्मा पुसला,
म्हणाले, मग सगळीच अक्षरं तुमची.

सगळीच म्हणजे फार झाली हो.
शेजारची पोर मोबाइल पुढं करून बसली,
दोन हजार नावं, एकही हाकेत बसेना.
नाव कसं, तिकटीवरनं ओरडलं
तर गल्लीच्या टोकाला पोरगं वळलं पाहिजे.

चुलते तालमीतनं आले, पायरीवर टेकले.
केरबा ठेवा, भिकाजी ठेवा, न्हाईतर दगडू,
जुनी रीत हाय, नजर लागत न्हाई.
वहिनी भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा.
भीक नाही मागितली, मामा.
तीन वर्षं नंबर लावला होता.

मी मात्र मधनंच सुरुवात केली.
मधलं नाव कोण निवडतं?
ते आपसूक लागतं,
शाळेच्या हजेरीत कुणी धड वाचतही नाही.
आमच्या शहाजीला अकरा वर्षं लागली
मधलं नाव व्हायला.
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या बारशाची भांडी
माझ्याकडं आणून द्यायचा,
वर बाळाचं घाल ताई, खाली आमचं,
श. वै. चौगले यांजकडून.
पैसे मोजून ठेवायचा. माझ्याकडं बघायचा नाही.

म्हणून वाटीवर आधी शहाजी.
श जरा जास्तच खोल गेला.
मग चौगले.
आत, बुडाला, वैजयंता, बारीक अक्षरात,
दूध संपलं की तेवढंच दिसणार.
आणि पुढं चार अक्षरांची जागा सोडली.

नाव कुणी सुचवलं, खरं सांगायचं तर कुणीच नाही.
पोरानं वाटी उचलून फरशीवर आपटली, टणकन,
परत आपटली,
तसा शहाजी म्हणाला,
दौलत उधळू नको बाळा.
आणि आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो.
पणज्याचं नाव होतं ते.
गंगावेशीत दूध घालायचा.
घरात दौलत म्हणजे तेवढा एक माणूस
आणि दोन म्हशी.

बारशाला ते पाळण्यात आडवं होईना,
दोऱ्या धरून बसलं, टांग्यात बसल्यागत.
मी वाकले. कुर्रर्र…
पाठीत बायकांचे धपाटे,
इतके की बांगडी पिचली कुणाची तरी.
नाव कानात गेलं
तसा त्यानं माझाच कान धरला घट्ट.

वाटीवर तीनच अक्षरं भरली.
एक जागा कोरी राहिली.
वहिनी म्हणाली, एखादं फूल काढा की तिथं.
नाही काढलं.
आठ महिने कुणीतरी त्याला
कसली तरी हाक मारलीच असेल,
पाजताना, निजवताना,
ठेवून जाताना.
ती मला ठाऊक नाही.
जागा तिची आहे.

काल बघितलं, नेमकं तिथंच चावलंय त्यानं.
दोन दात उमटलेत.